दोन बोटं वर

सीटच्या नळीवर एक ओरखडा आहे,
माझ्या उंचीहून दोन बोटं वर.
तिथे बसायचे भांडुपचे वालावलकर.
गुडघा गेला म्हणून सायकल विकली,
आणि मी घासाघीस करायच्या आत
पाचशे स्वतःच कमी केले.

"उभं राहून मारू नका," एवढंच म्हणाले,
"कान्हेरीचा चढ बसून खायचा.
आणि तिसऱ्या वळणावर, डावीकडे, खड्डा."

आज उजाडता उजाडता फाटकातून आत.
बोरिवली मागे राहिली, रिक्षांसकट.
पहिलं वळण तोऱ्यात.
दुसऱ्यावर आधी गिअर संपले, मग बढाया.
तिसऱ्यावर फक्त माझा घसा
आणि बांबूत कुठेतरी भारद्वाज,
रिकामा हापसा मारत बसलेला.

खड्डा नव्हता.
ताजं डांबर, चौकोनी,
गणवेशाला लावलेल्या ठिगळासारखं.

वर तिकीटखिडकीच्या कठड्याला सायकल टेकवली,
मांड्या अजून पेडल मारत होत्या.
थोडं पुढे चढून पाहिलं:
डोंगरांच्या बेचक्यात तुळशीचं पाणी,
कुणी पत्रा वाळत घालून विसरावं तसं.
फोन लावला.

"दिसलं पाणी?"
"दिसलं."
"किती आहे?"
"काठाला तांबडा पट्टा उघडा पडलाय."
मग ते थांबले. मागे कुकरची शिट्टी.
"आणि खड्डा?"
"आहे की. तुम्ही सांगितलं म्हणून वाचले."
"बघा," म्हणाले. "मी सांगतच होतो."

उतरताना दोन्ही ब्रेक धरले,
आणि तिसऱ्या वळणावर
त्या सपाट, काळ्या चौकोनाला
वळसा घालून गेले.