खांब क्रमांक चौदा

माझ्या टेबलावर दोन शिक्के. आवक आणि जावक.
आवकचं रबर झिजलंय,
जावकचं अजून नव्यासारखं.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली त्याला आठ वर्षं.
पाटी बदलली, पाटीमागच्या पाली त्याच.
साहेब प्रभारी. मंगळवार-शुक्रवार आमचे,
बाकीचे वार शेजारच्या तालुक्याचे.
हजेरीच्या यंत्राला कुसुम डोंगरेचा अंगठा ओळखू येत नाही,
खराट्यानं रेषाच नेल्या.
ती टेकवते, पदराला पुसते, पुन्हा टेकवते,
मग मी वहीत लिहितो : हजर.

नळ दिवसाआड.
देवाजी व्हॉल्व्ह फिरवतो, पाईपाला कान लावतो :
"आता बुद्धविहारापाशी हाय... आता वळलं मशिदीकडं..."
टाकीचं मीटर दोन वर्षं शून्यावर,
गाव देवाजीच्या कानावर.

अशात कोजागिरीच्या आठवड्यात
वॉर्ड सतराच्या सुगंधाबाई तितरमारे आल्या.
अर्ज नातीच्या अक्षरात.
विषय : खांब क्रमांक चौदाचा दिवा बंद करणेबाबत.

मी म्हटलं, बाई, चालू करणेबाबत ना?
"नाई रे बापा, बंदच.
लाईट आला तवापासून माया वालाले रात्रच नाई होत.
पानं पाय कशी म्हशीच्या कानाएवढी,
फूल म्हून एक नाई.
झोपल्याबिगर कोनी फुलते काय?"

संगणकात तक्रारीचे पाच प्रकार :
दिवा बंद, दिवा दिवसा सुरू, खांब वाकलेला,
तार लोंबलेली, इतर.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
संगणकानं विचारलं,
दिवा किती दिवसांपासून बंद आहे?

आवक क्रमांक दोन हजार एकशे त्रेचाळीस.
विद्युत शाखा : दिवा सुस्थितीत.
बांधकाम : आमचा विषय नाही.
लेखा : बंद केल्यास वाचणारी रक्कम कोणत्या शीर्षाखाली?
नगरसेविकेचे यजमान येऊन ओरडले,
सहा महिने भांडून आणला,
नारळ फोडला त्याच्या बुडाशी!
नगरसेविका मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या,
पोरी त्याच रस्त्यानं येतात, शिकवणीहून.
तेही खरंच.

शुक्रवारी साहेबांनी हिरव्या शाईत लिहिलं : चर्चा करावी.
कुणाशी, ते नाही लिहिलं.

सर्वसाधारण सभेत हा विषय एकोणिसावा होता.
सभा सहाव्यावरच मोडली,
डुकरं पकडण्याच्या निविदेवर.
डुकरं तेव्हा खिडकीखालीच होती.

सत्तार वायरमननं फाईल पाहिली नाही.
वाचायला त्याला चश्मा लागतो
आणि चश्मा घरी असतो.
त्यानं सुगंधाबाईंचा वेल पाहिला, जाता जाता,
आणि एका संध्याकाळी शिडी लावून
तेलाच्या पिप्याचा अर्धा पत्रा
दिव्याच्या एका अंगाला तारेनं आवळला,
घोड्याच्या डोळ्याला झापड बांधतात तसा.
रस्त्यावर उजेड,
कुंपणावर काळोख.
कोणत्या आदेशानं, ते मी विचारलं नाही.
पत्र्यावरचा एक शब्द खालून अजून वाचता येतो : शुद्ध.

पौषात माझ्या टेबलावर पिशवी आली.
पोपटाच्या शेंगा, टच्च भरलेल्या, दव न वाळलेल्या.
"घ्या भाऊ, तुमच्या अंधाराच्या हायत."
सवयीनं हात आवकच्या शिक्क्याकडे गेला,
मग मागे घेतला.

कुसुमनं अभिलेख कक्षामागं, चहाच्या शेगडीवर
मीठ घालून उकडल्या.
देवाजीनं खाल्ल्या, सत्तारनं खाल्ल्या,
लेखापालानंही,
शीर्ष न विचारता.

पोर्टलवर चौदा नंबर अजून लाल.
प्रलंबित, त्र्याण्णव दिवस.
साहेब दारातून विचारतात,
त्या दिव्याचं काय झालं हो?
चर्चा सुरू आहे, म्हणायचं असतं मला,
पण तोंडात शेंग आहे,
मी नुसती मान हलवतो.