फोनला ओठ नाहीत

मेहुणीनं पुण्याहून येऊन ते फोनात घालून दिलं.
एक पिवळं कासव. अक्षरावर बोट ठेवलं
की अक्षर बोलतं म्हणे.
म्हणे, कारण मला ते ऐकू येत नाही.

सतरा वर्षं विट्यातल्या मागांवर काढली.
आधी बारीक आवाज गेले:
कपात फिरणारा चमचा, सायकलची घंटी.
मग फोडणी.
बायकोचा राहिलाय, तिनं चढवला म्हणून.

शेडमध्ये कुणीच कुणाचं ऐकत नाही.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो.
जॉबर दस्तगीर चार माग पलीकडून म्हणतो ‘तार तुटली’,
कळतं. ‘चहा’ म्हणतो, तेही कळतं.
पगाराचं काही म्हणाला की सगळी शेड वळून बघते.

राजनंदिनी, वय साडेपाच,
उंबऱ्यात बसते, कांड्यांच्या टोपलीला टेकून.
र-वर बोट. म-वर बोट. काना, वेलांटी.
पाच अक्षरं झाली की मधेच एक माणूस येऊन
तिला पत्ते खेळायला बोलावतो.
तिनं स्वतः जोडून वाचलेला पहिला शब्द: रमी.
बायको म्हणाली, शाळा चांगली निघाली.

मग कासव म्हणतं, आता तू बोल.
ती बोलते.
भिंतीपलीकडून चोवीस माग बोलतात.
कासव मान हलवतं. पुन्हा.
ती ओरडते. पुन्हा.
ती फोनच्या तोंडात तोंड घालते,
काचेवर वाफ धरते, ‘ग’ पुसट होतो.
पुन्हा.

‘ळ’ला अडली.
फोन काय शिकवत होता देव जाणे,
तिच्या तोंडात मला ‘ल’च दिसत होता,
जीभ दातांमागं टेकलेली: कमल, डोला, बाल.
म्हटलं, ठेव ते. माझ्या तोंडात बघ.
जीभ मागं वळव. टाळूला लाव. आता सोड.
दस्तगीर मोटरीत बघतो तशी बघत होती,
एक डोळा मिटून.
ळ.
दिसला मला. बाळाच्या शेवटी, केळ्याच्या मधोमध, लखलखीत.
कासवानं चूक दिली.
म्हटलं, त्याला सांग, तुला जीभ न्हाई.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय खरा.
पण ओठ वाचणाऱ्याची एक फसगत असते,
ती शेडमधल्या कुणी कुणाला सांगत नाही.
प, ब, म. तिन्हीला ओठ तसेच मिटतात.
पापा, बाबा, मामा: दुरून एकच माणूस.
कोण ते आपण अंदाजानं ठरवायचं
आणि हो म्हणायचं.
सतरा वर्षांत मी किती ठिकाणी
नुसत्या अंदाजावर हो म्हटलंय.

काल दुपारी लाइट गेली.
माग थांबले, फोन केव्हाच मेलेला.
साखर आणायला दोघं निघालो.
ती पुढं, मी मागं, चप्पल ओढत.
वाण्याच्या दुकानापाशी ती थबकली.
चुन्याच्या भिंतीवर निळीनं लिहिलेलं काहीतरी.
तिचे ओठ मिटले, उघडले,
मिटले, उघडले.

मी ओ दिली.

तिनं वळून बघितलं.
मला वाटलं, हाक मारली.
परत भिंतीकडं तोंड करून, सावकाश,
एकेक अक्षर चाखत, ती बोलली,
आणि मला परत तेच दिसलं: बाबा.
मी परत म्हटलं, काय गं?

तिनं कासवासारखी मान हलवली.
पुन्हा.
मग माझं बोट धरलं, तेल बसून काळं पडलेलं,
आणि उचलून ठेवलं भिंतीवर:
‘मापात पाप नाही’
यातल्या पहिल्या ‘म’वर.