पेंड

जगतुंग समुद्र. तळ्याला समुद्र म्हणायची
आमच्या कंधारची जुनी सवय.
पाणी मागं सरलं की कडेला मऊ गाळाची पट्टी उरते,
तिथं रविवारी सहाला
याकूबभाईंची घोडी उभी असते. नाव सुपारी.
ती कुणाची वाट बघत नाही.

पहिल्या रविवारी मी बसलेच नाही.
"आधी वास घेऊ द्या," याकूबभाई म्हणाले,
"तिला कळू द्या कोण आलंय."
मी पर्स छातीशी धरून उभी,
निवृत्तीला अठरा महिने उरलेली
सहकारी संस्थांची लेखापरीक्षक,
आणि तपासणी माझी चाललेली:
खांदा, कोपर, ओढणीचं टोक,
मग एक लांब गरम श्वास,
त्यात हरळीचा वास आणि थोडी नापसंती.
शेरा काही मारला नाही.

मग खरारा.
"केसाच्या दिशेनं, बायी. उलटं कुणालाच आवडत नसतं."
धूळ निघत गेली, खालून भाजक्या सुपारीचा रंग आला.
पोटाशी एक शीर उडत होती.
सवयीनं मोजू लागले, सदतीसपर्यंत गेले
आणि पुढचा आकडा आठवेना.

चढायला एक लोखंडी पायरी आहे,
याकूबभाईंच्या वडिलांच्या टांग्याची.
टांगा मोडीत गेला, पायरी ठेवली.
त्यावरून डावा पाय रिकिबीत, आणि मग
मध्येच कुठंतरी मी, कमरेत अडकलेली,
"या अल्ला" म्हणू की "अगं बाई" या विचारात.

वर बसल्यावर खाली बघितलं.
माझ्या चपला पायरीशी जोडीनं उभ्या होत्या,
बाई आत गेल्यात, येतील इतक्यात, अशा.

"आंटी, खाली नको बघू," नाहीद ओरडली.
नात त्यांची, वय वर्षं नऊ, खोगिराशिवाय बसते.
"तिच्या कानांच्या मधून बघ. तिकडंच जायचंय."
दोन कान, मध्ये बोटभर आभाळ,
किल्ल्याचा एक बुरूज, आणि वाळत घातलेली कुणाची तरी चादर.

लगाम मी ओढलाच.
"वसुली करू नका, बायी," मागून आवाज.
"नुसतं इचारा. ती सांगते."
इतकी वर्षं नोटिशीच पाठवल्या,
विचारायचं कसं, तेच शिकायला चार रविवार गेले.

सोमवारी जिना कठड्याला धरून चढले.
आमचा शिपाई नामपल्ले म्हणाला, "मॅडम, पडलात काय?"
"अजून नाही."
परभणीची मैत्रीण फोनवर हसली: वरातीमागून घोडं.
असू दे. वरात कुठं गेली ते मला ठाऊकही नाही.

आज दुडकी.
आठ पावलं, फार तर नऊ.
दात वाजले, चष्मा नाकावर आला,
आणि मी एका बाजूला कलत कलत
हळूच गाळात आले.
पडले म्हणावं इतकं लागलं नाही,
उतरले म्हणावं इतकं शोभलं नाही.
सुपारी दोन पावलांवर थांबली. मान वळवून बघितलं,
शेपटीनं एक माशी हाकलली, उभीच राहिली.
नाहीद हसता हसता पायरीवरून घसरली.
याकूबभाई थर्मासचं झाकण फिरवत होते.
त्यांनी घाई केली नाही, म्हणून मीही केली नाही.

मग त्यांनी सरकीच्या पेंडेचा एक खडा दिला.
"तळहात सपाट. अंगठा आत.
बाहेर राहिला तर तोबी जमा करील."

माझा आख्खा जन्म दप्तरं उलटीपालटी करण्यात गेला,
या संस्थेत, त्या संस्थेत,
घोडं कुठं पेंड खातं ते शोधत.

ओठ आले. केवढे मऊ,
आणि हनुवटीला राठ, विरळ केस.
खडा गेला.
तरी ती चाटत राहिली, तळहाताच्या रेषांत
अजून काही शिल्लक असल्यासारखं,
आणि मी हात मागं घेतला नाही.
चहा निवत होता.