मौजा बेदर्दी

मुरारच्या तहसिलीत एकतीस वर्षं मी
लोकांच्या आडनावांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या.
नामांतरण, फौती, वारसाचं प्रतिज्ञापत्र,
शाई सुकेतो फुंकर.

निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या मे महिन्यात
ॲलिसन वेदरबी आली, उन्हानं लाल झालेली.
लीड्समध्ये बस चालवते म्हणाली.
पर्समध्ये पणजोबांच्या धाकट्या भावाचं पत्र:
छावणीच्या पलीकडे, नदीकाठी,
सत्तर बिघे घेतले आहेत. लिंबं लावली आहेत.
इथे मला कुणी धाकटा म्हणत नाही.

तहसिलीतल्या पोरांनी तिला माझ्याकडे धाडलं,
"जुने कागद ना? निरवडेकर काकांना विचारा."

वेदरबी.
नाव दोनदा तोंडात घोळवलं
आणि आलेलं हसू रुमालात दडवलं.
कारण वेदरबीची कोठी
शिपायाच्या तोंडी झाली बेदरबी,
मग कुण्या पटवाऱ्याच्या बोरूनं एक रफार चढवला
आणि खसरा दोनशे बारापासून थेट नाल्यापर्यंत
सगळी बेदर्दी.
बेदर्दीची विहीर. बेदर्दीचा उतार.
आता संगणकातही तेच, शिक्क्यासकट.

नाव आधी आलं, गोष्ट मागून.
बेदर्दी म्हटलं की कुणीतरी निर्दय हवाच,
म्हणून वस्तीनं एक साहेब रचला
चाबूकवाला, घाऱ्या डोळ्यांचा,
आणि त्याच्या हातून विहिरीत एक आया ढकलली.
कागदात आया नाही.
चाबूकही नाही. पण चाबूक
कागदात कधी असतो?
सत्तर बिघे आधी कुणाचे होते
तो रकाना वाळवीनं खाल्लाय.
एवढाच.

रिक्षात ती सांगत होती,
यॉर्कशरात आमची चार गावं होती म्हणे.
थोरल्याला जमीन, मधल्याला चर्च,
धाकट्याला आडनाव आणि बोटीचं तिकीट.
थोरल्याच्या घराचं आता हॉटेल झालंय;
एकदा तिथे चहा प्यायले, पुरते पैसे मोजून.
नावात काही नाही हो, ती म्हणाली,
'बी' म्हणजे वाडी, आणि 'वेदर' म्हणजे
खच्ची केलेला मेंढा.

म्हणजे बाई, तुम्ही मेंढेवाडीकर!
ती इतकी हसली की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.
"आणि तुमचं निरवडं कसं आहे?"

पाहिलं नाही.
आमचा मूळपुरुषही धाकटाच,
फौजेच्या मागोमाग दप्तराची पेटी घेऊन
ग्वाल्हेरला आला तो आलाच.
सात पिढ्या आम्ही 'कर' लावतोय
अशा गावाचा, जिथे आमचं
एक चुलाणसुद्धा नाही.

कोठी नव्हतीच. पाया होता,
त्यावर गिट्टीचा ढीग, त्यावर एक बकरी.
बाई बराच वेळ बकरीकडे बघत राहिली.
मग पाटीवर बोट ठेवून विचारलं,
"हे आमचंच नाव ना? याचा काही अर्थ होतो?"

एकतीस वर्षं मी शपथेवर खरं लिहून घेतलं.
म्हणालो, बे म्हणजे विना. दर्द म्हणजे दुखणं.
ज्याला काही दुखत नाही, असा.

तिनं ते वहीत उतरवून घेतलं.
"बरं झालं," म्हणाली,
"शेवटी शेवटी त्याचे गुडघे फार दुखायचे."

नाक्यावर गाडीवाला ओरडत होता,
बेदर्दी के निंबू, दस के चार!
तिनं चाळीस घेतले. विमानात नेऊ देईनात,
म्हणून मलाच देऊन गेली.

हिनं लोणचं घातलं. बरणीवर चिठ्ठी लावायला
कागद हवा होता, तर विजेचं बिल सापडलं.
त्यावर माझं नाव: निर्वाणकर.
गेली बावीस वर्षं तसंच येतंय.
दुरुस्तीला अर्ज लागतो, दोन साक्षीदार,
आणि आत ओळखीचा माणूस.
ओळखीचा होता तो निवृत्त झाला.