चौथा चौरस

कुपवाडला, पाइप-फिटिंगच्या दुकानावर,
जिन्याला कठडा नसलेल्या खोलीत
सन्मती चौगुलेनं माझ्या डोळ्यांवर तो डबा बांधला.
म्हणाला, "मॅडम, चष्मा राहू दे बाजूला.
इथं तुमचा नंबर शून्य."

बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा.
गुडघ्याचा पट्टा पिशवीत.

मग मैदान उगवलं.
दोन खांब, मधली पाटी,
फक्कीच्या रेषा इतक्या सरळ
की आमच्या शाळेच्या शिपायाला उभ्या जन्मात जमल्या नसत्या.
मान वळवली की गॅलरी वळायची,
टाळ्या एका कानातून दुसऱ्या कानात जायच्या.
आमच्या सामन्यांना पब्लिक म्हणजे
जैबूनचे वडील, त्यांची रसवंती,
आणि चोयट्या खाणारी एक शेळी.

माझे हात बघितले. सतरा वर्षांचे.
नखांत माती नव्हती, एवढंच.
"माती काळी कर," मी म्हटलं,
"ही लाल कुठली? सांगलीत खेळतोय ना?"
त्यानं काहीतरी दाबलं
आणि पायाखाली नदीकाठ आला.

मी चौथ्या चौरसात बसले.
म्हणजे तिकडे चवड्यांवर, टाच उचलून,
इकडे त्याच्या आईच्या पाटावर.
समोरून पळणारी पोरगी गेली.
चांगली बनवली होती. हुलकावणी अगदी खरी,
खांद्यानं डावीकडे, पायानं उजवीकडे.
फक्त धापा टाकत नव्हती.

मी वाट बघत राहिले.

समोर हिरवी पाटी पेटली: खो मिळाला.
मी बसूनच.
पुन्हा पेटली. खो मिळाला.
सन्मती ओरडला, "उठा की, मॅडम!"

कशी उठू?
आयुष्यभर मी हा खेळ डोळ्यांनी खेळलेच नाही रे.
खो मागून येतो.
बसलेल्यानं वळून बघायचं नसतं,
पाठ उघडी टाकायची आणि कान मागं लावायचे.
श्वास आधी येतो, मग पंजा,
मग शब्द. बहुतेकदा शब्द पोचेपर्यंत
आपण दोन पावलं पुढं.
माझ्या मागं जैबून असायची.
लहानपणी घरच्याच चरकात
तिचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलेलं.
साडेचार बोटं पाठीवर पडली
की मला विचार करावा लागायचा नाही.
लग्न होऊन ती हुबळीला गेली.
त्यानंतर कुणी मला असं
न विचारता उठवलेलं नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, "पाठीला काही कळत नाही यात."

तो गप्प झाला. मग पलंगाखालून
तारांनी शिवलेलं जाकीट काढलं,
अर्धवट, एका बाहीचं.
"याचंच अडलंय," म्हणाला. "किती जोरात मारायचा
ते कुठल्याच पुस्तकात नाही.
नियमात नुसतं स्पर्श लिहिलंय."
स्वतःच घातलं, माझ्याकडं पाठ करून
फरशीवर उकिडवा बसला.
"द्या."

हात उचलला. पस्तीस वर्षं
शिक्के मारणारा हात.
का कोण जाणे, करंगळीशेजारचं बोट
मी आत दुमडलं.

खो!

पोरगं उठलं ते थेट दारापर्यंत गेलं.
कठडा नव्हता म्हणून चौकटीला धरून थांबलं,
आणि हसायला लागलं, लहान मुलासारखं,
काय झालं ते न कळून.

पडद्यावर पंज्याचा ठसा उमटला होता, निळा, केशरी.
सन्मती जवळ जाऊन बघत राहिला.
"एक बोट कमी आलंय. पुन्हा घेऊ?"
"बरोबर आलंय," मी म्हटलं. "तेच ठेव."

आता कधीतरी ते जाकीट पुरं होईल, विकलं जाईल.
कुठल्यातरी गावी, दहा बाय दहाच्या खोलीत,
जिला मैदान नाही किंवा पाठवत नाहीत
अशी एक मुलगी डोळे झाकून बसेल
चौथ्या चौरसात.
पाठीवर साडेचार बोटं पडतील.
तिला वाटेल, मशीन बिघडलंय.

पण तोवर ती उठलेली असेल.