या, ना

एकतीस वर्षं मी धंतोलीतल्या छापखान्यात
लाल शाईनं 'राहिला' खोडला.
वार्ताहर लिहायचे : साहेब बोलून राहिले,
नाग नदी भरून राहिली, भाव वाढून राहिले.
मी करायचो : बोलत आहेत. भरत आहे. वाढत आहेत.
नदीला काही फरक पडत नसे.

घरी पण तेच.
अश्लेषा शाळेतून आली की दारातूनच,
'बाबा, पोट्टे झामल झामल करून राहिले होते
न् मॅडम भैताडावानी बघून राहिल्या होत्या.'
मी आधी वाक्य सुधारायला लावायचो, मग पाणी.
चपला बाहेर, 'बे' बाहेर.
पाढ्यातला बे तेवढा आत यायचा.
उंबऱ्यापाशी किती साचले असतील,
कोणी झाडले नाहीत.

आता ती जिलाँगला असते, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात.
पहिल्याच दिवशी तिच्या नावाचं झालं अ‍ॅश.
मी भडकलो. नक्षत्राचं नाव दिलं होतं,
राख केली म्हटलं.
ती हसली. इथं लाडाचं तेवढंच कापतात, बाबा.
दुपारचं आर्वो, न्याहारीचं ब्रेकी, पेट्रोल पंपाचं सर्वो.
आपण नाही का सीताबर्डीतली सीता
ऑटोत बसायच्या आधीच उतरवून ठेवत?
बर्डी, भाऊ?

पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगते :
बारा नंबरच्या खाटेवरचा केव्हिन, म्हणजे केव्ह.
तिनं विचारलं, चहा आणू?
तो म्हणाला, 'या, ना.'
रात्रपाळी होती. अशा वेळी
सगळ्या भाषा पेंगतात, एक सोडून.
तिला वाटलं बोलावतोय.
या ना. बसा ना.
ती खुर्ची ओढून बसली.

तो बघतच राहिला.
नंतर कळलं, हे त्यांचं नको म्हणणं.
आधी हो, समोरच्याचं मन राहावं म्हणून.
मग नाही.
पण तोवर ती बसलेली होती, आणि तो
मेंढ्या कातरायच्या दिवसांत पोचलेला होता,
कोणत्या शेडमध्ये किती, कुणाचा अंगठा गेला, सगळं.

बोलतो कसा, मी विचारलं.
'चूक. सगळंच चूक.
तुम्ही तर पानच्या पान लाल केलं असतं.
डॉक्टरला मेट, झाडूवाल्याला मेट,
यम आला तरी म्हणेल, बस मेट.'
मग जरा थांबून,
'मलेही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं ना,
तर लक्ष्मीनगर चौकातून कोणी
अबे आशे म्हणून हाक मारल्यावानी वाटलं.'

मले.

माझा हात खिशाकडे गेला.
पेन नव्हतं.
खाली पानठेल्यावर पोट्टे खर्रा घोटून राहिले होते.
एक दुसऱ्याला शिवी देऊन राहिला होता,
दुसरा त्याच्या खांद्यावर हात टाकून ऐकून राहिला होता.
(हो, वाचलं मी. राहू द्या.)

तिनं विचारलं, जेवले काय?
'हाव ना बे,' मी म्हटलं.

तिकडे काहीच नाही.
नेटवर्क असेल.
दाराशी, चपलांमध्ये,
काहीतरी हलून राहिलं.