अळीने काय खाल्लं

बरक्याबाहेर, खजुरांच्या पलीकडे
दोन लांब शेड आहेत पत्र्याचे.
बाहेर सत्तेचाळीस. आत सव्वीस, कोंबड्यांसाठी.
आमच्या खोलीचा एसी मंगळवारपासून बंद आहे.

दुसऱ्या शेडात अळ्या.
निळ्या ट्रेमधून बारीक आवाज येतो
भात रटरटावा तसा.
मस्कतच्या हॉटेलांचं उरलंसुरलं रात्रभर खातात त्या:
बिर्याणी, कलिंगडाच्या साली, कुणाच्या लग्नातला हलवा.
टेकबहादूर म्हणतो, "मोठी झाली की ही माशी खातच नाही.
काय खायचं ते लहानपणीच."
मग थोडा वेळ गप्प बसतो.

माझं काम चमचाभर अळ्यांचं.
वाळवायच्या, दळायच्या, आम्लात विरघळवायच्या,
आणि यंत्राला विचारायचं, बाबा रे,
हिने काय खाल्लं?

खेप एकशे बारा.
साल्मोनेला नाही. शिसं हद्दीत.
कॅडमियम रेघेच्या किंचित वर,
दूध उतू जायच्या आधी
पातेल्याच्या काठावर थांबतं, तेवढं.

"अंड्यात उतरतं का?" सालिमभाईंनी विचारलं.
फार नाही, मी म्हटलं.
अंडं बहुतेक स्वच्छ जातं दुकानात.
ते कोंबडीच्या काळजात, मूत्रपिंडात बसून राहतं.
"मग?"

मग काही नाही.
दीड वर्षाने कोंबडी अंडी द्यायची थांबते
आणि अर्ध्या रियालला
आमच्या कॅम्पच्या पातेल्यात येते.
काळीज टेकबहादूरला आवडतं, कांद्यात परतलेलं.

माझी आई दापोलीला
उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीकडे बघून म्हणायची,
उकरू दे, तिला कळतं.
आई, इथला उकिरडा ट्रकमधून येतो
आणि त्याची पावती असते.

अहवाल खणात ठेवता आला असता.
कोंबडं झाकून तांबडं थोडंच थांबतं,
पण दोन-तीन महिने सहज निघाले असते.
मी सही केली. "परकार" जरा जास्तच ठळक आलं.
सालिमभाईंनी दोनदा वाचलं,
चष्मा काढला, पुसला,
आणि शिक्का मारला: नापास.

चारशे किलो अळ्या भाजून
कुंपणाबाहेर वाळूत पुरल्या.

सकाळी बघतो तर साळुंक्या.
पन्नास-साठ तरी, वाळू उकरताहेत,
आणि टेकबहादूर हातात झाडू घेऊन
एकटाच उन्हात उभा,
हुश्श, हुश्श,
कुणाला कळेल अशा भाषेत
त्यांना समजावत.